पंचनाम्यावरची सही: खानदेशातील पोलीस पाटलांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व पोलीस पाटील

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात गेली 26 वर्षे फौजदारी वकिली करते. बहुतेक वेळा मी आरोपीच्या बाजूने उभी असते, फिर्यादीच्या बाजूने क्वचित. पुढील मजकूर वाचताना हे आपल्या ध्यानात असावे, म्हणून आधीच सांगून टाकते. आपल्यापैकी काहींचा मी साक्षीच्या पिंजऱ्यात उलटतपास घेतला आहे, आणि ते त्यांना आवडलेले नाही हेही मला ठाऊक आहे. न्यायालयाच्या आवारात, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य मला वरचेवर ऐकावे लागते: "कोर्टात सगळे सुटतात." बोलणाऱ्यांत आपलेही सहकारी असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, माझ्या डोळ्यांदेखत सुटलेल्या आरोपींपैकी पुष्कळ जण पंचनाम्याच्या दिवशी गावातच सुटलेले होते. निकालपत्र नंतर तीन-चार वर्षांनी झाले इतकेच.

काही वर्षांपूर्वीचा एक खटला सांगते. गाव, ठाणे, माणसे यांची नावे देत नाही. मे महिना होता. केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या विहिरीवरून पाणबुडी मोटारीची केबल चोरट्यांनी रात्रीतून कापून नेली. मे महिन्यात केळीचे पाणी तीन-चार दिवस तुटले की काय होते, हे रावेर-यावलकडच्या कोणालाही मी सांगायला नको. चौथ्या दिवशी पोलिसांनी शेजारच्या गावातील एका तरुणाला अटक केली आणि त्याच्या घरामागील कडब्याच्या गंजीखालून 11 किलो तांब्याची तार जप्त केल्याचा पंचनामा केला. तारेवरचे प्लास्टिक जाळून काढलेले होते. कागदावर काही उणे नव्हते. दोन पंच होते, सायंकाळी 5 ते 6 अशी वेळ होती, चतुःसीमा, वजन, लाखेचे सील, सह्या, सगळे जेथल्या तेथे होते.

पहिला पंच पिंजऱ्यात आला. सरकारी वकिलांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याने मान हलवत 'हो' म्हटले. मग मी उठले. तार कशावर मोजली, असे विचारले, तो गप्प राहिला. गंजी घराच्या कोणत्या अंगाला होती? माहीत नाही. घराचे दार कोणीकडे? "मी त्याच्या घरी गेलोच नाही." मग सही कोठे केली? त्याने एकदा न्यायाधीशांकडे पाहिले आणि मराठी सोडून सरळ अहिराणीत सांगितले, "साहेब, मी चहानी टपरीवर व्हतू. आठे सही कर म्हने, करी दिन्ही." दुसरा पंच त्याचा चुलतभाऊ निघाला, आणि त्याच ठाण्याच्या आणखी चार खटल्यांत तो पंच होता.

पंच फितूर झाला म्हणजे जप्ती आपोआप खोटी ठरते, असा कायदा नाही. तपासी अंमलदाराची एकट्याची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी असेल, तर न्यायालय ती स्वीकारू शकते. येथे मात्र अंमलदारांना वजनकाटा कोठून आणला हे सांगता आले नाही, आणि पंचनाम्याच्या वेळी ते दुसऱ्याच गावी गेले असल्याची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत सापडली. आरोपी सुटला.

बाहेर व्हरांड्यात तो केळीवाला शेतकरी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटले, शिव्या देईल. त्याने शांतपणे विचारले, "ताई, मग माझी चोरी झालीच नाही का?"

चोरी झाली होती. केबल कापली गेली, हे कोणी नाकारलेच नव्हते. प्रश्न होता तो 'ती याने चोरली का' हा. कायद्यात असे एक गृहीतक आहे की, चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा करता येत नाही, त्याला न्यायालय चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा मानू शकते. जुन्या साक्ष कायद्यात ते कलम 114 मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 मध्ये आहे. पण या गृहीतकापर्यंत पोहोचायला माल त्याच्याच ताब्यात सापडला हे आधी सिद्ध व्हावे लागते, आणि तेवढी एक गोष्ट सिद्ध करणारा माणूस त्या वेळी चहाच्या टपरीवर बसलेला होता. तो तरुण निर्दोष होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचा दोष सिद्ध झाला नाही, हे मात्र खात्रीने सांगते. या दोन वाक्यांतला फरक त्या शेतकऱ्याला पटवून देणे मला त्या दिवशी जमले नाही.

आता 'सिद्ध' म्हणजे काय, याविषयी. 1872 च्या साक्ष कायद्याने केलेली व्याख्या 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही जवळजवळ तशीच ठेवली आहे. तिचा आशय असा की, समोर आलेल्या बाबींचा विचार केल्यावर एखादी गोष्ट आहे असे न्यायालयाला वाटते, किंवा ती असण्याचा संभव इतका वाटतो की त्या परिस्थितीत कोणाही शहाण्या माणसाने ती आहे असे धरूनच चालावे, तेव्हा ती सिद्ध झाली म्हणायची. व्याख्येत देवाने पाहिलेले सत्य मागितलेले नाही, व्यवहारी शहाणपणा मागितला आहे. दिवाणी दाव्यात ज्याच्या बाजूला पारडे झुकते त्याचे म्हणणे खरे धरले जाते. फौजदारी खटल्यात माणसाचे स्वातंत्र्य, कधी प्राणही, पणाला लागतात, म्हणून वाजवी संशयाला जागा उरता कामा नये अशी कसोटी न्यायालयांनी रूढ केली. कापसाच्या काट्यावर पाव-अर्धा किलो इकडेतिकडे चालून जाते, जळगावच्या सराफाच्या काट्यावर गुंजभर फरकही चालत नाही, तसेच हे आहे.

मात्र सराफही हवेतली धूळ मोजत बसत नाही. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1973 च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संशयाचा फायदा वाटेल तसा ताणण्याविरुद्ध स्पष्ट शब्दांत बजावले आहे; दोषी माणूस क्षुल्लक शंकेवर सुटला, तर कायद्यावरचा लोकांचा विश्वास उडतो, असा त्यातला रोख आहे. माझ्या व्यवसायबंधूंना हा निकाल फारसा आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला. त्याच निकालात 'दोषी असू शकतो' आणि 'दोषी असलाच पाहिजे' यांतील अंतर लांबचे आहे, असेही म्हटले आहे. पुढे 1984 मध्ये शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच अटी घालून दिल्या आणि त्यांना पंचशील म्हटले. साखळीची प्रत्येक कडी पक्की हवी, आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीच्या दोषाशिवाय दुसरा कोणताही निष्कर्ष निघता कामा नये, असे त्यांचे सार आहे. आमच्या केबलच्या खटल्यात प्रत्यक्ष पाहणारा कोणीच नव्हता. कडी एकच होती आणि ती टपरीवर तुटली.

हा भार सरकारनेच का उचलायचा, आरोपीने आपले निर्दोषत्व का दाखवू नये, असे मला अनेकदा विचारले जाते. विचारणाऱ्यांना मी नंदुरबारच्या सातपुड्यातले उदाहरण देते. एखाद्या पाड्यावर मूल दगावते आणि एका एकट्या बाईला डाकीण ठरवले जाते. ती डाकीण नाही, हे तिने कसे सिद्ध करावे? कोणता साक्षीदार आणावा? ती रडली तरी डाकीण ठरते आणि गप्प बसली तरी डाकीणच ठरते. 'नाही' हे सिद्ध करता येत नाही, म्हणूनच जो 'आहे' म्हणतो त्यानेच ते दाखवावे, हा नियम आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवले, पण त्यामागचे तत्त्व त्या कायद्याहून कितीतरी जुने आहे.

आणि 1 जुलै 2018 ही तारीख आपल्याला आठवण करून द्यावी लागू नये. साक्री तालुक्यातील राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेशिवाय त्यांच्याविरुद्ध काही नव्हते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारले गेले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या खोलीत दाखले मिळतात, उतारे मिळतात, त्याच खोलीत आरोप, निकाल आणि शिक्षा हे सारे एकाच वेळी उरकले गेले, आणि 'आम्ही ते नव्हे' हे सिद्ध करण्याचा भार त्या पाच जणांवर पडला. त्याच महिन्यात, 17 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीसंबंधी राज्यांना निर्देश दिले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये आता वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आहे. कलमे पोलीस गावात पोहोचल्यानंतर कामाला येतात, आणि गाव सातपुड्यात असेल तर पोलीस पोहोचेपर्यंत तेथे आपणच असता.

पोलीस पाटील म्हणून आपले काम 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने ठरवून दिलेले आहे. गावातील गुन्ह्यांची खबर देणे, गुन्हा घडू न देणे, पोलिसांना साहाय्य करणे, हे सारे त्यात येते. दोष ठरवणे त्यात नाही. तरीही बैठकीत एखाद्याला समोर बसवून "कबूल कर, प्रकरण मिटवून टाकू" असे म्हणण्याची पद्धत अनेक गावांत आहे, आणि ती बहुधा चांगल्या हेतूने असते. तिचा परिणाम मात्र उलटा होतो. अधिकाराच्या जागेवरील माणसाने धाक, आमिष किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे निरुपयोगी ठरते. पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली कलम 23 प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणाही आरोपीवर करता येणार नाही, हे तर संविधानाच्या अनुच्छेद 20 मध्येच आहे. म्हणजे बैठकीत मिळवलेल्या कबुलीने खटला बळकट होत नाही, उलट माझ्यासारखीला उलटतपासासाठी एक मुद्दा मात्र मिळतो.

यातली एक वाट उघडी आहे आणि ती आपल्याच पायांखालून जाते. अटकेत असलेला आरोपी म्हणाला, "मी चोरलेली तार गंजीखाली लपवली आहे, चला दाखवतो," आणि खरोखर तेथे तार सापडली, तर त्या वाक्यातला जेवढा भाग त्या शोधाशी थेट जोडलेला आहे तेवढा ग्राह्य धरला जातो. तार गंजीखाली आहे आणि ते त्याला ठाऊक होते, एवढे घेता येते. 'चोरलेली' हा शब्द गाळावा लागतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, डिसेंबर 1946 मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात घालून दिलेली ही मर्यादा आजही पाळली जाते. आता विचार करा, हे वाक्य आरोपी बोलला हे कोण सांगणार, आणि तो पुढे चालला, त्याने हाताने कडबा बाजूला केला, हे कोण सांगणार? प्रत्यक्षात ते पंचालाच सांगावे लागते. ठाण्यात निवेदन ऐकणारा, जीपमध्ये बसून जाणारा, गंजीपाशी उभा राहणारा आणि परतल्यावर सही करणारा पंच एकच असावा लागतो. आपल्याकडे बऱ्याचदा यांपैकी शेवटची एकच पायरी होते.

म्हणून ठाण्यातून "पाटील, दोन पंच पाठवा" असा फोन आला की आपण कोणाला पाठवता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. झडतीचे साक्षीदार त्या परिसरातील स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावेत, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 103 म्हणते. रिकामा बसलेला, नेहमीचा, नाही म्हणायला घाबरणारा माणूस त्यात बसत नाही. लेखी आदेश देऊनही वाजवी कारणाशिवाय झडतीला हजर राहण्याचे नाकारणे हा गुन्हा आहे, हे बुद्रुक-खुर्द सगळ्यांना सांगा, पण कोऱ्या कागदावर सही करण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही, हेही त्याच दमात सांगा. पंचाने पाहायचे ते फार अवघड नसते. उजेड सूर्याचा होता की बॅटरीचा, काटा कोणाच्या दुकानातून आला, तारेचे टोक जळलेले होते की कापलेले, सील लागले तेव्हा लाख गरम होती का. या गोष्टी पाहिलेला माणूस चार वर्षांनीही सांगतो, आणि मी कितीही फिरवून विचारले तरी तो डगमगत नाही. असे पंच मी पाहिले आहेत. एका आजीबाईंनी मला "तू कितीबी इचार, पिशवी निळीच व्हती" असे ठणकावून खाली बसवले होते, आणि माझ्या पक्षकाराला शिक्षा झाली होती.

नव्या संहितेच्या कलम 105 मुळे झडती-जप्तीचे, यादी करण्याचे आणि साक्षीदारांच्या सह्यांचेही दृक्श्राव्य चित्रीकरण करणे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे आवश्यक झाले आहे. टपरीवरची सही यामुळे अवघड होईल, हे चांगलेच झाले. पण कॅमेरा बंद असतानाच्या वेळेविषयी कॅमेरा काही सांगत नाही, आणि मी पहिला प्रश्न त्याच वेळेविषयी विचारणार. व्हिडिओवरून आठवले: घटनेचे चित्रीकरण गावातील कोणाच्या मोबाइलमध्ये असेल, तर ते ग्रुपवर फिरवण्याऐवजी तो मूळ मोबाइल जपून ठेवायला सांगा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, आणि पन्नास हातांतून आलेल्या प्रतीसाठी ते द्यायला कोणी पुढे येत नाही.

कृत्याबरोबर मनही पाहावे लागते, याविषयी थोडक्यात लिहिते, कारण सामाईक विहिरीची भांडणे आपल्याकडे संपणारी नाहीत. मोटार आपल्या वाट्याची आहे असे प्रामाणिकपणे समजून भरदिवसा, चार लोकांसमोर ती काढून नेणारा भाऊ चुकला असेल, दिवाणी दाव्यात हरेलही. पण अप्रामाणिक हेतूवाचून चोरी होत नाही. अशी प्रकरणे चोरीची फिर्याद म्हणून ठाण्यात जातात आणि अखेर सुटतात, तेव्हा 'सगळे सुटतात' या हिशेबात तीही धरली जातात.

सगळीकडे भार सरकारवरच असतो असेही समजू नये. हुंडाबळीत, बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात, अमली पदार्थांच्या कायद्यात काही गोष्टी सिद्ध झाल्या की न्यायालय आरोपीविरुद्ध गृहीत धरू शकते किंवा धरतेच, आणि मग खुलासा त्याला करावा लागतो. शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात गांजाच्या शेतीवर छापे पडतात, तेथे हे लागू होते. पण 'काही गोष्टी सिद्ध झाल्या की' हे शब्द पुन्हा वाचावेत. झाडे कोणाच्या गटात होती, वजन किती भरले, नमुना कोणासमोर काढला, हे आधी यावे लागते, आणि ते पुन्हा पंचनाम्यातूनच येते.

साक्षीदार फितूर का होतो, हे मला आपल्याला शिकवण्याची गरज नाही. त्याच गल्लीत राहायचे असते, त्याच पाटचारीवर पाणी घ्यायचे असते, खटला चार वर्षांनी उभा राहतो आणि तोवर दोन्ही घरांत सोयरीकही झालेली असते. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केली, नव्या संहितेने प्रत्येक राज्याला तशी योजना अधिसूचित करायला सांगितले. गावात संरक्षण म्हणजे समन्स आल्यावर पाटील त्याच्या ओट्यावर जाऊन "पाहिले तेवढेच सांग, मी सोबत येतो" असे म्हणतात की नाही, एवढेच असते. पाहिले तेवढेच, हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. जास्तीचे सांगणारा साक्षीदार मला फितूर साक्षीदारापेक्षाही सोपा जातो.

केबलविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगायची राहिली. जळलेली तार आपलीच आहे, हे त्या शेतकऱ्याला सांगता आले नाही. खरेदीची पावती नव्हती, केबलचा जपून ठेवलेला तुकडा नव्हता, फोटोही नव्हता. मोटार बसवताना केबलचा हातभर तुकडा पावतीसह घरात ठेवावा आणि मोटारीवरील क्रमांकाचा फोटो काढावा, एवढे आपण ग्रामसभेत सांगितले तरी पुढच्या खटल्यात मुद्देमाल ओळखायला काही आधार राहील.

माझी विनंती अशी आहे. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात पोलीस पाटलांची मासिक बैठक होते. तिच्यात मला अर्धा तास द्यावा; मी स्वखर्चाने येईन, साक्रीला असो की धडगावला. येताना त्या 11 किलो तारेच्या पंचनाम्याची प्रत, नावे झाकून, आणि तिच्यासोबत माझ्या उलटतपासाचे टिपण घेऊन येईन. दोन्ही कागद शेजारी ठेवून आपण ओळीओळीने वाचू आणि कोणत्या ओळीला तो आरोपी सुटला, ते आपणच मला दाखवावे.

आपली,
जळगाव जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करणारी